थोरलीचं तेल

८ नोव्हेंबर

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. आईलाही नमस्कार. हे पत्र तिला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका, ती मला नंतर विचारते आणि तुमचं बिंग फुटतं.

खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. मागच्या वेळी मी म्हणाले की इथे थंडी पडली, तर तुम्ही आईला सांगितलंत की मी पडले. बिचारी दोन दिवस माझ्या पायाची चौकशी करत होती. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उभा जन्म काढलेल्या कानांकडून जास्त अपेक्षा करू नये हे मला कळतं. आणि आजचा विषय असा आहे की त्यात एक आकडा चुकीचा ऐकला तरी घोटाळा होईल. म्हणून कागद.

विषय थोरलीचा. आमच्या हॉस्पिटलच्या तीन ॲम्ब्युलन्स. दोन नव्या, आणि तिसरी मी चालवते ती, जिच्यापेक्षा जुनं इथे फक्त जिन्याच्या कठड्याचं लाकूड असेल. तिला सगळे थोरली म्हणतात. नव्या दोघी दिसायला छान, आत सगळं चकचकीत, पण पोट जमिनीला टेकेल इतक्या बुटक्या. वरचा रस्ता, म्हणजे दगडखाणीकडे जाऊन पुढे खिंडीपलीकडे उतरणारा, तो फक्त थोरलीला जमतो.

गेल्या महिन्यात तिचं तेल बदललं. वरून हुकूम आलाय की सगळ्या गाड्यांना एकच तेल. आमचे स्टोअरकीपर मनाने चांगले. त्यांनी नव्या गाड्यांसाठी आणलेलं महागातलं सिंथेटिक तेल माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, तुझ्या गाडीने काय पाप केलंय, तिलाही उत्तम मिळू दे. मीही खूश झाले. ओतताना मात्र ते पाण्यासारखं गेलं आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तेव्हापासून चढ चढून आलं आणि गाडी उभी केली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवला की विझतो. सकाळी गाडीखाली तळहाताएवढा तेलाचा डाग असतो, तो आधी कधीच नव्हता. शहरातल्या वर्कशॉपने फोनवर ऐकूनच निकाल दिला की इंजिन संपलं, उघडावं लागेल. ते ऐकून आमच्या मोठ्या डॉक्टरबाई, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख, म्हणाल्या की मग हिवाळा संपला की तिला मोडीत काढू.

बाबा, मला नाही वाटत इंजिन संपलंय. धूर नाही, ओढ तीच आहे, आवाज तोच आहे. ती मोडीत गेली तर खाणीवरच्या माणसांना खांद्यावर घालून खाली आणावं लागेल. माझ्यापेक्षा वयाने मोठी इंजिनं तुम्ही सांभाळलीत. तिला कोणतं तेल मानवेल ते सांगा.

लोभ आहे तेवढा पुरे, या खेपेला सल्ला जास्त पाठवा. लहानपणी घरभर हुकूम सोडायचे म्हणून तुम्ही ठेवलेल्या नावानेच सही करते.

तुमची
फौजदार


१५ नोव्हेंबर

चि. फौजदार हिला,

अ. उ. आ. तुझं पत्र आलं. तुझ्या आईने ते आधी उघडलं, मग मला दिलं, आणि मग मी गाळतो का ते बघायला समोर बसली. या घरात माझ्यावर एवढाच विश्वास.

तुझं इंजिन संपलेलं नाही. असं न बघता सांगणाऱ्या वर्कशॉपवाल्याला माझा नमस्कार सांग आणि पुन्हा फोन करू नकोस. दिवा थंड इंजिनावर लागत नाही, पळताना लागत नाही, फक्त तापलेलं इंजिन मंद चालत असताना लागतो, हे तू नीट लिहिलंस. उत्तर त्यातच आहे. मोठं फिरतं शाफ्ट आणि त्याला धरून ठेवणारं बेअरिंग यांच्यात एक बारीक फट असते. तेल त्या फटीत उभं राहतं, म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. वर्षानुवर्षं चालून ती फट रुंदावते. नव्या गाड्यांत ती इतकी अरुंद असते की पातळच तेल लागतं. तेच तेल तुझ्या थोरलीला घालणं म्हणजे लहान पोराचा सदरा पैलवानाला चढवण्यासारखं आहे. तेल तापलं की आणखी पातळ होतं, फटीतून निसटतं, दाब बसत नाही, दिवा लागतो. जुन्या कडक झालेल्या रबरी सीलमधून तेच बाहेर झिरपतं, तो तुझा डाग. तेल वाईट नाही, तुमचे स्टोअरकीपरही वाईट नाहीत. जोडी जमली नाही एवढंच.

आता उपाय. वीस-डब्ल्यू-पन्नास घाल. जाड, भरदार. मी सगळ्या जुन्या इंजिनांना तेच घातलं आणि एकाने कधी कुरकुर केली नाही. डब्यावर डिझेल इंजिनासाठी असं लिहिलेलं बघून घे, कारण डिझेलची काजळी पोटात धरून ठेवायची ताकद त्या तेलात लागते. फिल्टर नवा घाल. आणि इंजिन आतून धुवून काढायचं औषध कुणी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठव. इतक्या वर्षांचा आत बसलेला काळा थर एकदम सुटला तर तळाच्या जाळीत जाऊन बसेल आणि तेलाचा घसाच बंद होईल. तो थर सावकाश जाऊ दे. तेल एकदा बदल, थोडं चालव, पुन्हा लवकर बदल.

दिव्यावर विसंबू नकोस. दिवा फक्त मेल्यावर बातमी देतो. माझं पितळी प्रेशर गेज वेगळ्या पार्सलने पाठवतोय. इंजिनावर दिव्याची वायर जिथे लागते ते बटण काढ आणि त्या जागी ते बसव. तापलेलं इंजिन मंद चालत असताना सुई एक या आकड्याच्या वर उभी राहिली पाहिजे.

काल केस कापायला गेलो तेव्हा न्हाव्याला सांगितलं की मुलगी डोंगरावर ॲम्ब्युलन्स चालवते आणि स्वतः इंजिन उघडते. तो म्हणाला पत्राने इंजिन दुरुस्त होतं का. मी म्हटलं, मुलगी कुणाची आहे त्यावर अवलंबून आहे.

पार्सलमध्ये आईने हातमोजे घातलेत. ते घाल. तेलकट केलेस तर तिला कळू देऊ नकोस.

इकडे मायेला तोटा नाही, पत्राला मात्र उशीर लावू नकोस.

तुझे
बाबा


२७ नोव्हेंबर

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. गेज पोचलं, मोजे पोचले. मोजे अजून स्वच्छ आहेत हे आईला आवर्जून सांगा.

तुम्ही सांगितलं तसं गेज बसवलं. आधी जुन्या पातळ तेलावरच खाणीपर्यंत जाऊन आले आणि अंगणात इंजिन मंद सोडलं. सुई शून्याच्या कडेला जाऊन आडवी झाली. स्टोअरकीपर शेजारी उभे होते. त्यांनी गेजवर बोटाने टिचकी मारून बघितली, मग गाडीखाली वाकून डाग बघितला, आणि म्हणाले की हुकूम काहीही असो, हे चालणार नाही, चल मोठ्या बाईंकडे. ते स्वतः माझ्याबरोबर आले. बाईंनी प्रयोगापुरती परवानगी दिली.

मग तुमचं वीस-डब्ल्यू-पन्नास घातलं. दुपारी चढ चढून आले तर सुई अशी ताठ उभी की मला वाटलं काम झालं. तुम्हाला पत्र लिहायला कागदही काढला होता. बरं झालं लिहिलं नाही.

दोन दिवसांनी कडक थंडी आली. नळ गोठले, काचेवर बर्फाचा थर बसला. सकाळी चावी फिरवली तर इंजिन चिखलातून पाय ओढावा तसं फिरलं. चालू झालं एकदाचं. सुई पार वर गेली. आणि तरी इंजिनाच्या माथ्यावर, जिथे व्हॉल्व्ह आहेत तिथे, कोरडी खडखड सुरू झाली ती थांबेचना. भांड्यांचं कपाट हलवल्यासारखा आवाज. मी घाबरून बंद केलं.

बाबा, त्याच जागी उभी राहून मी विचार केला. सुई वर होती आणि माथा कोरडा होता. गेज बसतं पंपाजवळ. तेल तिथे किती जोराने दाबतंय ते सुई सांगते. ते वरपर्यंत पोचलं की नाही हे ती सांगत नाही. तुमचं इंजिनरूम कधी गोठलं नाही. तिथे कायम ऊब होती, त्यामुळे जाड तेलाला चालायला कधी त्रास झाला नाही. माझी थोरली रात्रभर उघड्यावर उभी असते आणि बोलावणं आलं की तिला लगेच निघायचं असतं.

मग एक केलं. दवाखान्यातून खोकल्याच्या औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या धुवून घेतल्या. एकीत पातळ सिंथेटिक, एकीत तुमचं जाड, आणि तिसरीत दहा-डब्ल्यू-चाळीस, जे स्टोअरकीपरांनी मालवाहू ट्रकवाल्यांकडून मागून आणलं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा, एवढं मला कळलंय. थंडीत लहान हवा, तापल्यावर मोठा. तिन्ही बाटल्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवल्या. सकाळी आडव्या केल्या. पातळ लगेच धावलं. तुमचं रुसून बसल्यासारखं जागच्या जागी बसलं, मग मोठ्या मिनतवारीने सरकलं. मधलं शांतपणे चालत आलं.

मोठ्या बाई फेरीला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मी कारण सांगितलं. त्यांनी तिन्ही बाटल्या स्वतः उचलून पुन्हा आडव्या करून बघितल्या. मग म्हणाल्या, "गाडी तू चालवतेस, तर तेलही तूच ठरव. पण कधी रुग्ण घेऊन वाटेत थांबली, तर उत्तरही तूच द्यायचं."

ते मी मान्य करून आले आहे. दहा-डब्ल्यू-चाळीसचा डबा आता माझ्या खोलीत आहे. डिझेलसाठीचं आहे, आणि जुन्या इंजिनांची सील मऊ ठेवणारं आहे असं डब्यावर लिहिलंय. तरीही तुमचा होकार येईपर्यंत झाकण उघडणार नाही. तोवर रोज सकाळी किटलीभर उकळतं पाणी इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीवर बाहेरून ओतून तुमच्या जाड तेलावर काम चालवते.

रागावू नका. रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची
फौजदार


४ डिसेंबर

चि. फौजदार हिला,

अ. उ. आ. पत्र मिळालं. सगळं ठरवलंच आहेस तर मला विचारायचं कारण कळलं नाही. चाळीस कमी पडेल. इंजिन तापल्यावर तुला माझी आठवण होईल. इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे.

बाबा

(याच कागदाच्या पाठीवर)

७ डिसेंबर

माझ्या बाळा, पोटभर आशीर्वाद.

वरचं पत्र तुझ्या बाबांनी मला टाकायला दिलं ते मी पर्समध्येच ठेवलं. इतकं आखूड पत्र त्यांनी लग्नाआधी माझ्या वडिलांनासुद्धा लिहिलं नव्हतं. म्हटलं, राग उतरू दे, मग टाकू.

त्या दिवशी ते संध्याकाळभर तुझंच पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या दुकानात जाऊन दोन छोटे डबे घेऊन आले. मला वाटलं दाराच्या बिजागऱ्यांना असेल. सकाळी बर्फ काढायला फ्रीजरचं दार उघडते तर मटाराच्या शेजारी दोन काचेच्या बाटल्या, आणि त्यात तेल. मी काय बोलले ते तुला लिहीत नाही. ते मुकाट्याने ऐकून घेत होते, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

त्यांनी बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि स्वतःची, जाड तेलाची, आधी उपडी केली. काहीच आलं नाही. मग तुझी उपडी केली, तिच्यातलं हळूहळू चालत आलं. त्यांनी पुन्हा स्वतःची धरली. चहा गार झाला तरी हातातली बाटली सोडेनात. शेवटी मी विचारलं की आता काय. तेव्हा म्हणाले, "मी सगळं आयुष्य इंजिनाजवळ काढलं. तिने जे बघितलं ते बघायची माझ्यावर वेळच आली नव्हती. तिच्यावर आली आणि तिने डोळे उघडे ठेवले."

त्यानंतर गप्प बसले असते तर बरं. दुपारपर्यंत शेजारचे, समोरचे, पेपरवाला, सगळ्यांना आमच्या फ्रीजरची गोष्ट कळली होती. सांगतानाची छाती बघायला हवी होतीस. हरल्याची गोष्ट इतक्या फुगून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

पत्र त्यांनी परत मागितलं नाही, तेव्हा मी टाकतेय. तू तेल ओत. माझ्या फ्रीजरला मात्र कायमचा तेलाचा वास लागला आहे आणि त्याचा हिशेब मी तुम्हा दोघांकडून घेणार.

तुझी
आई

(खाली पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात)

ओत. आधी रिकाम्या गाडीने चढ चढून बघ. सुई एकाच्या खाली गेली तर बंद कर आणि मला कळव. आईने हे लिहिताना पकडलं. — बाबा


१६ डिसेंबर

ती. बाबांना आणि आईला,

सा. न. वि. वि. ओतलं.

पेन्सिलीतली ती ओळ मी थोरलीच्या स्टिअरिंगवर कागद टेकवून वाचली आणि तिथूनच खाली उतरून बाही दुमडली. जुनं तेल काढताना ते डांबरासारखं काळं आलं. तुम्ही म्हणालात तसं, थर सुटायला लागलाय. म्हणून हेही लवकर बदलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर बर्फ होता. चावी फिरवली. खडखड झाली, एक श्वास घेऊन सोडेपर्यंत टिकली, आणि गेली. नंतर इतकी शांतता की स्टोअरकीपर खिडकीतून डोकावले, त्यांना वाटलं बंद पडली. मग रिकाम्या गाडीने खाणीपर्यंत गेले आणि परत येऊन अंगणात मंद सोडली. सुई एकाच्या जरा वर. तुमच्या पन्नाससारखी छाती काढून नाही, पण उभी. मी बराच वेळ बघत बसले, ती खाली आली नाही. डाग आता नाण्याएवढा उरलाय.

स्टोअरकीपरांनी स्टोअरमध्ये थोरलीच्या तेलासाठी वेगळी फळी केली आहे. वरच्या हुकुमाचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाले की फळी माझी आहे, हुकूम ती वाचत नाही.

आई, फ्रीजरमध्ये अर्धं लिंबू कापून ठेव. नाहीच गेला वास तर बाबांना ठेव.

माया अशीच गोठू न देता ठेवा.

तुमची
फौजदार


११ जानेवारी

ती. बाबांना आणि आईला,

सा. न. वि. वि. मी सुखरूप आहे, हे आधी वाचा आणि मग खाली बसून पुढचं वाचा. पत्र मोठं होणार आहे.

गेल्या आठवड्यात पावसाने आणि बर्फाने खालच्या रस्त्यावर, म्हणजे डोंगराला वळसा घालून पलीकडे जाणाऱ्या नेहमीच्या रस्त्यावर, दरड आली. रस्ता बंद. त्याच दिवशी सकाळी खाणीत एक शिळा घसरली आणि एका सुरुंगवाल्याच्या छातीवर आली. तरणाताठा माणूस. आम्ही त्याला हॉस्पिटलात आणलं, पण त्याच्या छातीत रक्त साठत होतं आणि ते थांबवायला लागणारा सर्जन आमच्याकडे नाही. तो आहे खिंडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. खालचा रस्ता बंद, म्हणजे वरचाच. म्हणजे थोरली.

मोठ्या बाईंनी त्याच्या छातीत नळी घातली आणि स्वतःच मागे चढून त्याच्याजवळ बसल्या. त्याची बायको माझ्या शेजारी. तिने सगळ्या वाटेत एक शब्द काढला नाही, फक्त माझ्या हातांकडे बघत होती.

बर्फात चाकांना साखळ्या लावून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढत होतो. एवढा लांब चढ इतक्या हळू मी कधी चढले नव्हते. गाडी हळू, इंजिन जोरात, वारा आत येत नाही, सगळं तापत जातं. सुई दोनाच्या वर होती म्हणून मला काळजी नव्हती. काळजी थांबण्याची होती, कारण दिवा लागायचा तो थांबल्यावरच. आणि बरोबर खिंडीच्या माथ्यावर थांबावं लागलं. एक मालाचा ट्रक घसरून रस्त्यावर आडवा झाला होता. त्याचा ड्रायव्हर आणि आणखी दोघं फावड्यांनी बर्फ उपसत होते.

इंजिन बंद करता येईना. रुग्णाला ऑक्सिजन देणारं यंत्र, नळीतून रक्त ओढणारं यंत्र, आतली ऊब, सगळं त्याच्यावर. बंद करून पुन्हा चालू झालं नाही तर काय, हाही प्रश्न. म्हणजे तापून लाल झालेलं जुनं इंजिन, मंद, आणि किती वेळ ते कुणालाच ठाऊक नाही. ज्या एका गोष्टीसाठी आपण एवढा पत्रव्यवहार केला, तीच नेमकी समोर आली.

सुई उतरायला लागली. दोन, मग दीड, मग सव्वा. एकाच्या जरा वर येऊन ती थांबली आणि तिथे थरथरत राहिली.

मागची छोटी काच सरकली. बाई म्हणाल्या, "मला खरं सांग. इंजिन बंद पडेल का? पडणार असेल तर मी आत्ताच नळीतलं रक्त हाताने पंप करायची तयारी करते."

मी म्हणाले, "नाही पडणार."

बाबा, मी हे त्यांना धीर द्यायला बोलले नाही. मला माहीत होतं. मी ती सुई पातळ तेलावर बघितली होती, जाडावर बघितली होती आणि याच्यावर रोज बघत होते. आयुष्यात इतकं सरळ उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. शेजारी बसलेल्या रुग्णाच्या बायकोने पहिल्यांदा माझ्या हातांवरून नजर काढून चेहऱ्याकडे बघितलं.

मोठ्या बाई काच सरकवून पुन्हा आपल्या कामाला लागल्या. हाताने पंप करायची तयारी केली नाही, हे मला आरशात दिसलं. ट्रकवाल्यांनी डोंगराच्या अंगाला एका गाडीपुरती वाट केली तोवर काचेवरचा बर्फ मी तीनदा पुसला असेल. सुई तिथेच होती. मग एक बाजू कड्याला घासत थोरली त्या फटीतून निघाली. ओरखडा पडलाय, तो मी रंगवणार नाही.

पलीकडे उतरलो तेव्हा सर्जन दारात उभे होते. रुग्णाला आत नेलं. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ऑपरेशन चालू होतं तोवर त्याची बायको आणि मी थोरलीतच बसून राहिलो, कारण आत अजून ऊब होती. तिथे ती बोलली. लग्नाला वर्ष झालंय, तो फार बडबड्या आहे आणि घरात त्याचं बोलणं ऐकून तिला वीट यायचा, असं म्हणाली.

तो जगला. काल मोठ्या बाईंना तिकडून फोन आला. शुद्धीवर आलाय आणि नर्सना बोलून हैराण करतोय.

आज सकाळी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. थोरलीला मोडीत काढायचा विषय संपला, असं सांगितलं. प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाला मानवेल तेच तेल मिळेल, आणि ते कोणतं हे ड्रायव्हर आणि स्टोअरकीपर मिळून ठरवतील, असं त्यांनी वर कळवलंय. मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खिंडीत मी एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर मला इंजिनाचा विचारच करावा लागला नाही." स्टोअरकीपरांनी टाळ्या सुरू केल्या. मी खाली बघत उभी राहिले, पण आतून असं वाटत होतं की आपण वीतभर उंच झालोय. हे तुम्हाला लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला.

दोन दिवस रजा मिळाली आहे. आज थोरलीचं तेल पुन्हा बदलते आणि उद्या झोपते.

तुम्हा दोघांचा हात डोक्यावर आहे हे इतक्या लांबूनही कळतं.

तुमची
फौजदार


२१ जानेवारी

चि. फौजदार हिला,

अनेक, अनेक उ. आ.

तुझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि सुई उतरायला लागली तिथे माझा आवाज बसला. सर्दी झाली होती. पुढचं आईने वाचलं. ‘नाही पडणार’ हे तुझं वाक्य आलं तेव्हा तिने कागद खाली ठेवला. मग तिने मला सर्दीवर औषध म्हणून स्वतःचा रुमाल दिला.

मी बोटीवर असताना वर कप्तान उभा असायचा आणि नळीतून खाली विचारायचा की इंजिन टिकेल का. तो प्रश्न मला कितीतरी वेळा आला. दरवेळी मी टिकेल म्हणालो, आणि दरवेळी मनात थोडी धाकधूक ठेवून म्हणालो. तुझ्यासारखं, माहीत असून, मी किती वेळा म्हणालो असेन याचा विचार करतोय. फार वेळा नाही. तेव्हा तुला शाबासकी देणारा मी कोण. तरी देतो, बाप आहे.

आता कामाचं. बंदरावर चार भावांची एक मासेमारीची बोट आहे. तिचं इंजिन माझ्याइतकंच मुरलेलं. पहाटे निघते ती संध्याकाळपर्यंत एकाच वेगाने चालते. हल्ली चालू करताना निळसर धूर टाकते आणि तेल थोडं खाते. भावाभावांत वाद आहे. थोरला म्हणतो जाड घाला, धाकटा म्हणतो नव्यातलं पातळ घाला. चार दिवसांपूर्वी चौघंही आपल्या दारात आले, कारण या किनाऱ्यावर जुन्या इंजिनाचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, हे तुला ठाऊक आहे.

पूर्वीचा मी असतो तर त्यांचं बोलणं संपायच्या आत पन्नास सांगून मोकळा झालो असतो. या खेपेला मी आधी पहाटे तिथे हवा किती गार असते ते विचारलं. इंजिन किती तापतं ते विचारलं. गेज आहे का विचारलं, तर नाही म्हणाले. सगळं ऐकून घेतल्यावर माझ्या मनात एक आकडा आला, पण मी तो सांगितला नाही. म्हटलं, थांबा, मी एका जाणकाराला विचारतो. धाकटा हसला. म्हणाला, काका, तुमच्या वरचा जाणकार कोण या किनाऱ्यावर. मी म्हटलं किनाऱ्यावर नाही, डोंगरावर आहे, माझी मुलगी आहे, आणि ती सांगेल ते तेल आपण घालू.

ते चौघं आता रोज येऊन पत्र टाकलं का विचारतात. आई त्यांना चहा पाजून कंटाळली आहे. तेव्हा सविस्तर लिही, कारणासकट लिही, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

बोट धक्क्याला बांधून ठेवली आहे. तुझं उत्तर येईपर्यंत ती कुठे जात नाही.

तुझी वाट बघणारे
बाबा